एक लिटरची एचडीपीई बाटली: ब्लो मशीनवर सेटिंग करताना

एचडीपीई या प्लास्टिकचा दाणा ब्लो ग्रेडचाच, म्हणजे हवेने फुगवून बाटली करण्यासाठीचाच घ्या, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) साधारण ०.३. इंजेक्शन ग्रेडचा दाणा पातळ वाहतो आणि पॅरिसन, म्हणजे डायमधून (मशीनच्या गोल तोंडातून) लोंबणारी गरम नळी, स्वतःच्याच वजनाने ताणून तुटते. दाणा जिथे वितळतो त्या बॅरलचं तापमान मागून पुढे १७० ते १९० अंश सेल्सिअस, साच्यात १०-१५ अंशांचं पाणी, हवा ६ बारच्या आसपास.

साचा मिटण्याआधी पॅरिसन नीट बघा. ती सरळ खाली यायला हवी. एका बाजूला वळत असेल तर बहुतेक वेळा डायची फट सगळीकडे सारखी नसते. डाय रिंगचा एक बोल्ट आवळायचा असेल तर त्याच्या समोरचा बोल्ट आधी किंचित सैल करा, मगच हा आवळा. एका वेळी पाव फेराही जास्तच. मग बाटली उभी कापून भिंतीची जाडी मोजा. वरून छान दिसणारी बाटली कोपऱ्यात कागदासारखी निघते, आणि गळती तिथूनच होते.

तळाची शिवण उघडत असेल तर पिंच-ऑफची, म्हणजे साच्यात पॅरिसन चिमटून बंद करणारी, धार बोथट झाली आहे का, माल थंड आहे का, ते तपासा. साचा फार जोरात मिटला तरी शिवण पातळ पडते. बाटली बाहेर आल्यावर वाकडी होत असेल तर कूलिंगची वेळ वाढवा. उत्पादन घटेल, इलाज नाही.

पावसाळ्यात थंड साच्याला घाम सुटतो, बाटलीवर डाग उठतात. तेव्हा पाणी थोडं कोमट ठेवा. फ्लॅश, म्हणजे बाटलीच्या कडेचं कापलेलं जादा प्लास्टिक, दळून २०-३० टक्के मिसळता येतो, पण कोरडा आणि स्वच्छ हवा.