रक्त न चढवता बालहृदयशस्त्रक्रिया : तयारी कशी करावी

लहान मुलाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिलिलिटर रक्त असते, म्हणजे दहा किलोच्या मुलाचे सगळे रक्त 800 मिलिलिटरच भरते. हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांत आधी भरलेला द्रव त्यात मिसळला की रक्त पातळ होते, आणि लहान मुलाला बाहेरचे रक्त लागण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून परफ्युजनिस्टने, म्हणजे हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने, आदल्या दिवशीच हिशेब मांडावा. हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) 40 टक्के असलेल्या या मुलाला 600 मिलिलिटर द्रवाचे यंत्र जोडल्यास तो 23 टक्क्यांवर उतरतो, 300 मिलिलिटरचे जोडल्यास 29 वर राहतो. द्रव कमी लागावा यासाठी यंत्र शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या अगदी जवळ आणून नळ्या आखूड कराव्यात, लहान ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा यंत्राचा भाग) घ्यावा आणि शिरेतील रक्त व्हॅक्यूमच्या मदतीने ओढून बारीक नळ्यांवर काम भागवावे.

तातडी नसेल तर खरी तयारी काही आठवडे आधी सुरू होते. हिमोग्लोबिन कमी असल्यास कारण शोधून लोह द्यावे. हृदयदोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळसर दिसणाऱ्या मुलांत मात्र हिमोग्लोबिन 17 दिसले तरी लोहाची कमतरता लपलेली असू शकते, म्हणून शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासावे. नागपुरात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून येणाऱ्या मुलांची सिकलसेल (लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊच नये. हा आजार निघाल्यास रक्त टाळण्याचा हट्ट सोडून रक्तविकारतज्ज्ञांना बोलवावे.

शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, सांडलेले रक्त धुऊन परत देणारे यंत्र आणि शेवटी जादा पाणी काढणारे अल्ट्राफिल्ट्रेशन, हे नेहमीचे उपाय आहेतच. दुर्लक्ष होते ते अतिदक्षता विभागात. पाच किलोच्या बाळाचे चाचण्यांसाठी 20 मिलिलिटर रक्त काढले, तर त्याचे शेकडा पाच रक्त गेले. सूक्ष्म नळ्या वापराव्यात, नमुन्याआधी धमनीच्या नळीतून ओढलेले रक्त निर्जंतुकपणे परत द्यावे आणि सवयीपोटी लिहिलेल्या चाचण्या खोडाव्यात.

नवजात बाळ, गुंतागुंतीचा दोष किंवा पुन्हा उघडावी लागणारी छाती असेल, तर ही पद्धत बहुधा जमत नाही. लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडत असल्याची रक्तातील खूण) चढू लागले किंवा मेंदूचा ऑक्सिजन घसरला, तर विनाविलंब रक्त द्यावे. जुळवलेली पिशवी हाताशी हवीच. आईवडिलांनाही ‘रक्त टाळण्याचा प्रयत्न करू, पण तसा शब्द देत नाही’ असे संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगावे आणि गावाहून आणलेल्या रक्तदात्यांना परत पाठवू नये.