बीपीचं मशीन बनवताय? आधी पाण्याच्या नळीनं त्याचा दाब तपासा

भोसरीतल्या एका कारखान्यात मी २८ वर्षं प्रेशर गेज तपासले. निवृत्त झाल्यावर पर्वती पायथ्याच्या जनता वसाहतीतल्या ओळखीच्या बायकांसाठी बीपीचं स्वस्त मशीन करायला घेतलं. घरकाम करणाऱ्या या बायकांना दवाखान्यात जायचं म्हणजे एक खाडा, म्हणून बीपी मोजलं जातं ते चक्कर आल्यावरच. तुम्हीही असं काही करणार असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. एक गोष्ट आधीच सांगतो. मशीन चाचणीतून पास होईपर्यंत त्याच्या आकड्यावर कुणाचीही गोळी कमी-जास्त करायची नाही.

सुरुवात सर्किटपासून नको, दंडापासून करा. टेप घेऊन घेर मोजा. दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या आतल्या फुगणाऱ्या पिशवीची लांबी घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. पिशवी लहान पडली तर आकडा जास्त येतो, मोठी झाली तर कमी. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा दंड १९ सेंमी. बाजारातला पट्टा त्यांच्या दंडाला जवळजवळ दोनदा गुंडाळला जायचा आणि आकडा इतका छान यायचा की त्या निर्धास्त होत्या. मी शिंप्याकडून तीन मापांचे पट्टे शिवून घेतले. पैसे वाचवायचे असतील तर स्क्रीनमध्ये वाचवा, ब्लूटूथ काढून टाका, पण पट्ट्यात वाचवू नका.

बोर्ड, रेग्युलेटर, सेलचे होल्डर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. दाबासाठी मी एमपीएक्स ५०५० सेन्सर घेतला. तो ५० किलोपास्कल, म्हणजे ३७५ मिमी पाऱ्यापर्यंत मोजतो. त्याच्याशी माझे आठ दिवस गेले. पंप सुरू झाला की सेलचा व्होल्टेज खाली यायचा आणि दाबाचा आकडाही हलायचा, कारण या सेन्सरचं आउटपुट त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतं. पंपाची वीज वेगळी करा आणि माप पंप बंद झाल्यावर, हवा हळूहळू सुटत असताना घ्या. हवा सोडणारा व्हॉल्व्ह असा निवडा की वीज गेली तर तो आपोआप उघडेल. पट्टा दंडावर आवळलेला राहणं धोक्याचं आहे.

आता तपासणी. महागडं यंत्र नको, गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी सात मीटर घ्या. जिन्यात यू आकारात टांगा, दोन्ही बाजू तीन-तीन मीटर उंच. शाई घातलेलं पाणी दोन्हीकडे दीड मीटरपर्यंत भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एका तोंडाला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून सेन्सर आणि हातपंपाचा फुगा लावा, दुसरं तोंड उघडं ठेवा. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड असतो. म्हणून दोन पातळ्यांमधला फरक ६८ सेंमी झाला की दाब ५० मिमी पारा, १३६ ला १००, २०४ ला १५० आणि २७२ ला २००. फरक मोजायचा तो दोन पातळ्यांमधला, जमिनीपासून नाही. मशीन तीन मिमीच्या आत जुळलं पाहिजे, म्हणजे पाण्याच्या साधारण चार सेंमीत. माझं पहिलं मशीन १५० ला सात मिमी चुकत होतं.

पण हे जुळलं म्हणजे बीपी बरोबर येतं असं नाही. हवा सुटताना पट्ट्यात नाडीच्या ठोक्यांचे बारीक हेलकावे येतात. ते सर्वांत मोठे होतात तिथे सरासरी दाब असतो. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून हिशोबानं काढतं, आणि तो हिशोब माणसांवर पडताळावा लागतो. आयएसओ ८१०६०-२ या मानकात किमान ८५ जणांवर, प्रशिक्षित माणसांनी स्टेथोस्कोपनं घेतलेल्या मापाशी तुलना करायची असते. त्यासाठी डॉक्टर आणि एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या चाचणीला मंजुरी देणारी समिती, हवी. विकायचं किंवा वाटायचं असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली परवाना लागतो. हे टाळू नका.

आकडा मराठीत बोलून दाखवावा म्हणून मी स्पीकर लावला होता. एका खोलीच्या घरात सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ऐकू जायचं, आणि दोन बायकांनी मोजणंच बंद केलं. आता मोठे आकडे आणि आवाज बंद करायचं बटण आहे.

झाकणावर चित्र छापा: पाच मिनिटं शांत बसलेली बाई, पाठ भिंतीला, दंड हृदयाच्या उंचीवर. आमच्याकडे खुर्च्या नाहीत, म्हणून चित्रात हात पालथ्या डब्यावर दाखवला आहे. हात दहा सेंमी खाली राहिला तरी आकडा साताठने वाढतो. झाकणाच्या आतल्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, दोन्ही आकडे. आशाताई (आशा आरोग्य कार्यकर्त्या) आल्या की त्यांच्या हातात तीच द्यायची.