१९४३ची डेन्मार्कची होडी : शाळेसाठी नाटुकलं कसं बसवावं

हे वीस मिनिटांचं नाटुकलं पाचवी ते सातवीच्या दहा मुलांत होतं. पात्रं कल्पित, पण घटना खरी. जर्मन फौजांनी १ ऑक्टोबर १९४३च्या रात्री, ज्यूंच्या नववर्षाच्या सणात, आपल्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये ज्यूंची धरपकड केली. सूचना आधीच फुटल्यामुळे बहुतेक घरं रिकामी सापडली. पुढच्या काही आठवड्यांत मच्छीमारांनी सुमारे ७,२०० ज्यूंना स्वीडनला पोहोचवलं.

प्रवेश तीन: घरात लपवलेली ज्यू मैत्रीण, दारातला सैनिक, बंदरावरची होडी. निम्मा वेळ दुसऱ्याला द्या. टेबलावर एक ताट जास्त आहे, सैनिक ताटं मोजतो, आणि दहा वर्षांची मुलगी म्हणते, "बाबा यायचेत." आपल्याकडची मुलं हे वाक्य पोवाड्यासारखं छाती काढून फेकतात आणि प्रसंगातली भीतीच जाते. तिच्या हातात पुसायला पेला द्या. उत्तराआधी तिनं मनात तीन अंक मोजावेत, पण हात थांबू देऊ नये. धाडस त्या न थांबणाऱ्या हातात दिसतं.

सैनिकाच्या दंडावर नाझी चिन्ह नको. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक पाहत वाढलेल्या बालप्रेक्षकांचा गोंधळ उडतो. करडा शर्ट, रुंद पट्टा आणि पडद्यामागून बुटांचा आवाज पुरे. मैत्रिणीच्या कपड्यावर ज्यूंची खूण म्हणून लावायला लावत तो पिवळा ताराही शिवू नका; डेन्मार्कमध्ये ती सक्ती कधीच नव्हती.

होडीसाठी मार्केट यार्डातले सहा प्लास्टिक क्रेट गोणपाटात गुंडाळा. लपणाऱ्यांवर ताडपत्री टाकली तर ती वाजते आणि संवाद बुडतात. घोंगडं वाजत नाही, पण आत उकडतं. एक बाजू उघडी ठेवा, दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको.

प्रेक्षकांत कुणीतरी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीचा विषय काढणारच. तिथं १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ती बहुतेक सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेली ख्रिस्ती बायका-मुलं होती. युद्ध तेच, पण हकिकत वेगळी. तालमीआधी मुलांना कोल्हापूरच्या महावीर उद्यानातलं त्या निर्वासितांचं स्मारक दाखवा, फरक तिथंच समजवा.

सुमारे ४७० ज्यू मात्र पकडले गेले आणि थेरेझियनश्टाटच्या नाझी छावणीत गेले. होडी निघाली की निवेदकानं अंधारात हा आकडा वाचावा, मगच पडदा पाडा. नाहीतर सगळेच सुटले असं मुलं समजतात.