बाबांना ऐकू येत नाही असं वाटतंय? आवाज वाढवायच्या आधी हे करून बघा

आमच्याकडे दोन वर्षं एकच भांडण चालू होतं, मी काही सांगितलं की बाबा "हो हो" म्हणायचे आणि नंतर त्यातलं काहीच करायचे नाहीत, मला वाटायचं वयाबरोबर हट्ट वाढलाय. एकदा मी विचारलं, "शनिवारी जाऊया की रविवारी?" तर म्हणाले, "हो." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, बारीक, उंच पट्टीतले आधी जातात. स, श, फ, थ हे त्यातलेच. म्हणजे आपण बोलतोय हे त्यांना कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. त्यामुळे "तुम्हाला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं" हे प्लीज म्हणू नका, खूप लागतं ते. ओरडूही नका, ओरडून शब्द स्पष्ट होत नाहीत, वर आपला चेहरा चिडल्यासारखा दिसतो.

आधी टीव्ही बंद करा. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे, कारण ते नकळत ओठ वाचत असतात. हाक मारा, त्यांनी बघेपर्यंत थांबा आणि मगच बोला, एका वेळी एकच गोष्ट. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला, सात की आठ यात गोंधळ होत असेल तर बोटं दाखवा किंवा लिहून द्या. "कळलं ना?" विचारलंत तर उत्तर "हो"च येणार, त्यापेक्षा "मग किती वाजता निघायचं?" असं विचारा. लांब राहत असाल तर साध्या फोनपेक्षा व्हिडिओ कॉल करा.

आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच नको. सगळे हसत असताना बाबा नुसते आमच्या तोंडाकडे बघत बसायचे, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

तपासणीला घेऊन जाताना "तुमचे कान गेलेत" असं नका म्हणू, "मला तुमच्याशी नीट बोलायचंय" म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढच्या दर चारातल्या एकाहून जास्त लोकांना उपचार लागावेत इतकं कमी ऐकू येतं, हेही सांगा, एकटं वाटत नाही. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो, तो आधी बघून घ्या. अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तपासणीत डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं बाबांना स्वतःलाच देऊ द्या, मध्ये बोलू नका.

कानाचं मशीन आलं की पहिले काही आठवडे भांड्यांचा, कागदाचा आवाजसुद्धा नकोसा होतो आणि मशीन ड्रॉवरमध्ये जातं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो हो. रोज थोडा वेळ घरातच, शांत खोलीत, एकाच माणसाशी गप्पा मारताना घालायला सांगा, आणि तो एक माणूस तुम्ही व्हा.