किनाऱ्यावर काम करायचंय? आधी तिथी शिका

प्राणिशास्त्रात एमएस्सी करून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात कासव संवर्धनाच्या कामाला लागले. मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं ॲप होतं. गावातल्या कासवमित्र काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आज तिथी कुठली?" मला सांगता येईना. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. कांदळवनातली (खारफुटीतली) मोजणी असो की किनाऱ्याची गस्त, दिवस यावरच बेतावा लागतो.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन अंडी घालून जाते. पहाटे वाळूत तिचा माग दिसला की काका तिथे काठी हलकेच रोवत जायचे. घट्ट वाळूत काठी अडते, घरट्यावर आली की अलगद आत जाते. मग काठी बाजूला ठेवून हातानेच उकरायचं. माझ्या पहिल्या घरट्यात ११२ अंडी होती. भरतीचं पाणी, कुत्री, कोल्हे यांच्यापासून वाचवायला ती हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत न्यायची, पण अंड्याची वरची बाजू वरच ठेवून. काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. नंतर अंडं फिरलं तर तो मरतो. पुढे ४५ ते ६० दिवस वाट बघायची. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, म्हणून तापमानाची नोंद एक दिवसही चुकवायची नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि ग्रामस्थांनी हे काम उभं केलं. गावाशिवाय ते झालंच नसतं, असं मला ठामपणे वाटतं. मी मात्र एका मच्छीमाराला थेट विचारलं होतं, "जाळ्यात कासव अडकलं तर सोडता का?" तो उठूनच गेला. कासव सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि ते नुकसान त्याच्या घरचं असतं. २०१८ पासून राज्य सरकार त्यासाठी २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. हे आधी माहीत असतं तर बोलणं वेगळं झालं असतं. आता मी आधी मासळी कशी आहे ते विचारते.

शिक्षणाचं म्हणाल तर प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मत्स्यविज्ञान, काहीही चालतं. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळणं, जरूर शिका. मालवणच्या प्रवाळांवर काम करायचं असेल तर तारकर्लीत स्कुबा डायव्हिंगचं प्रशिक्षण मिळतं. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

मार्चमध्ये पिल्लं बघायला सगळेच येतात. काम शिकायचं असेल तर नोव्हेंबरात या. तेव्हा रोज पहाटे रिकामा किनारा चालावा लागतो. माझं पहिलं घरटं एकोणिसाव्या दिवशी सापडलं.