वाचक मंडळात न्याय, दया आणि प्रायश्चित्त: ‘ले मिझराब्ल’ कशी घ्यावी

फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोची १८६२ची ही कादंबरी पाच भागांची आहे. अख्खी घेतलीत तर मंडळी मध्येच गळतात. पहिल्या भागातला दुसरा आणि सातवा खंड निवडा, दीड-दीड तासाच्या तीन बैठका ठेवा. प्रतीसाठी कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. संक्षिप्त आवृत्ती असेल तर जर्व्हे या पोराचं नाणं लुबाडण्याचा प्रसंग तिच्यात आहे ना, ते बघून घ्या. तो गेला की चर्चेचा कणाच गेला.

पहिल्या बैठकीत फळ्यावर नायक ज्याँ वालजाँच्या शिक्षेचा हिशोब मांडा: पावाच्या चोरीला ५ वर्षं, पळण्याच्या चार प्रयत्नांना ३, ५, ३ आणि ३. एकूण १९. गुन्हा आणि शिक्षा यांचं प्रमाण कुठे बिघडलं, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी बैठक सगळ्यात महत्त्वाची, आणि हमखास चुकते तीही हीच. सुटून आलेल्या वालजाँने बिशपची चांदी चोरली, बिशपने ती त्यालाच देऊन टाकली, वालजाँ सुधारला, असं म्हणून लोक मोकळे होतात. खरं तर त्या दयेनंतर लगेचच तो दहाएक वर्षांच्या जर्व्हेचं चाळीस सूंचं (सू हे जुनं फ्रेंच चलन) नाणं पायाखाली दाबतो. इथे एकच प्रश्न टाका आणि थांबा: माफ करायचा हक्क कोणाचा? चांदी बिशपची होती, त्याने माफ केलं. नाणं पोराचं, आणि ते पोर पुन्हा सापडतच नाही. पुढे वालजाँ गावातून जाणाऱ्या प्रत्येक सव्हॉयार्ड, म्हणजे जर्व्हेसारख्याच सव्हॉय प्रांतातल्या, पोराला नाव विचारून पैसे देतो. प्रायश्चित्त शोधायचं ते या ओळीत, चांदीच्या मेणबत्तीदानांत नाही.

तिसऱ्या बैठकीला अरास या गावातला खटला. वालजाँ आता नाव बदलून दुसऱ्या गावाचा महापौर आणि कारखानदार झाला आहे. इकडे शांमातियू या भलत्याच माणसाला वालजाँ समजून जन्मठेप होणार आहे. दोन गट करा. वालजाँने गप्प राहावं, ही बाजू ज्यांना ती पटत नाही त्यांनाच द्या. नाहीतर कारखान्यावर जगणारं गाव आणि त्याच्या आधारावर असलेली, मरणाला टेकलेली फाँतीन यांचं वजन कोणी मनापासून मांडत नाही. प्रत्येकाने बोलताना पानावरची ओळ दाखवायचीच. वालजाँच्या मागावरच्या पोलीस अधिकारी जावेरला खलनायक ठरवून चर्चा संपवू देऊ नका. तो कायदा प्रामाणिकपणे पाळतो, पेच आहे तो तिथेच.

वेळ उरला तर आपल्या कोल्हापूरच्या खांडेकरांची ‘ययाती’ (१९५९) जोडा. शाप बापाला, म्हातारपण पुरूला. शिक्षा दुसऱ्याने भोगली तर न्याय झाला का, यावर मंडळी घरी जातानाही बोलत राहतात.