गांगह्वा बेट बघायला जाताय? आधी भरतीचं वेळापत्रक काढा

आमच्या अमळनेर-चोपड्याची पोरं नोकरीसाठी कोरियात पोचली, की मागोमाग आई-वडील भेटीला जातातच. मग सोलचे राजवाडे, मनोरा, मोठाले मॉल आणि परत. माझी लेक इंचनला असते, म्हणून मला गांगह्वा सापडलं. शाळेत भूगोल शिकवण्यात सगळं आयुष्य गेलं असल्यामुळे असेल, पण सोलमध्ये चार दिवस असलेल्या माणसाला मी सांगते, त्यातला एक दिवस गांगह्वाला द्या. दोन दिले तर फारच छान.

हे बेट हान नदीच्या मुखाशी आहे. सोलमधून वाहणारी तीच हान. सुमारे तीनशे चौरस किलोमीटरचं बेट, प्रशासनाच्या दृष्टीनं 1995 पासून इंचन महानगरात. पूर्वेला एक चिंचोळी खाडी त्याला मुख्य भूमीपासून तोडते. उत्तरेला नदीचं रुंद पात्र, आणि त्यापलीकडे दोनेक किलोमीटरवर उत्तर कोरिया. कोरियातल्या नाकदोंग, गुम, योंगसान या मोठ्या नद्यांच्या मुखांशी बंधारे बांधून समुद्राचं पाणी अडवलेलं आहे. हानचं मुख मात्र उघडं राहिलं, कारण मधून सीमा जाते, तिथे बांधणार कोण? तापीवर हतनूर, काकरापार, उकई बघत मोठ्या झालेल्या आपल्याला मोकळं नदीमुख म्हणजे काय ते इथे समजतं.

म्हणूनच पहिलं काम: जायच्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ काढा. तिथला मुलगा, सून, जावई कोणीही मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देईल. या किनाऱ्यावर उधाणाला पाणी नऊ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, म्हणजे तीन मजली घर बुडावं इतकं. पंचांग जवळ असेल तर आणखी सोपं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास इथे ओहोटी साधारण दुपारी येते आणि दक्षिण किनाऱ्याला मैलोन्मैल चिखल उघडा पडतो. तो बघायला दोंगमाकच्या किनाऱ्यावर जा. हतनूरच्या जलाशयावर चमच्या पक्षी पाहिला असेल, तर त्याचा काळ्या तोंडाचा दुर्मीळ भाऊ उन्हाळ्यात इथे चरताना दिसू शकतो. पण चिखलात लांबवर चालत जाऊ नका. पाय रुततो, आणि भरती माणसापेक्षा वेगानं येते. नातवंडांचा हात सोडू नका.

बेटावर जायला दोन पूल आहेत. उत्तरेचा गांगह्वा पूल थेट गावात नेतो, दक्षिणेचा चोजी पूल चोजीजिन किल्ल्याशी उतरवतो. तुम्ही चोजीकडून शिरा. कोरियात गूगल मॅप्सवर विसंबू नका, रस्ता दाखवताना तो तिथे हात वर करतो. नेव्हर मॅप घ्या, आणि बससाठी टी-मनी कार्ड. बेटावरच्या बस उशिरा-उशिरानं येतात. चार माणसं असाल तर गाडी ठरवलेली परवडते.

बहुतेक लोक आधी डोंगरावर किंवा देवळात जातात. मी म्हणेन, सुरुवात पूर्वेच्या खाडीकाठानं करा, कारण बेटाचा सगळा इतिहास त्या पाण्यानं घडवलाय. राजधानीकडे धान्य आणि महसूल घेऊन जाणाऱ्या नावा याच वाटेनं हान नदीत शिरत. जो इथे बसला, त्याच्या हातात राजधानीचा घास. म्हणून काठानं ओळीनं किल्ले आणि बुरूज आहेत. सगळे बघू नका, थकाल. चोजीजिन आणि ग्वांगसोंगबो हे दोन पुरेत.

ग्वांगसोंगबोच्या टोकाला उभं राहून खाली बघा. खाडी तिथे आवळते आणि पाणी भोवरे घेत धावतं. या जागेला सोनदोलमोक म्हणतात. दंतकथा अशी, की मंगोलांपासून पळणाऱ्या राजाला सोनदोल नावाचा नावाडी इथून नेत होता. पाणी खवळलेलं बघून राजाला वाटलं, हा आपल्याला बुडवायला निघालाय, आणि त्यानं त्याला मारायचा हुकूम दिला. मरताना नावाडी म्हणाला, पाण्यात एक तुंबा सोडा आणि तो वाहील तिकडे नाव न्या. राजा सुखरूप उतरला. नावाड्याची समाधी समोरच्या किनाऱ्यावर आहे. चांद्र दहाव्या महिन्याच्या विसाव्या तिथीला, म्हणजे साधारण आपल्या कार्तिक वद्य पंचमीला, सुटणारा बोचरा वारा त्याच्याच नावानं ओळखतात.

कथा सोडा, पळून येणं खरं आहे. 1232 मध्ये कोरियावर तेव्हा राज्य करणाऱ्या गोर्यो घराण्याच्या दरबारानं मंगोलांच्या भीतीनं राजधानी इथे हलवली आणि 1270 पर्यंत ती इथेच राहिली. सगळं जग तुडवणारे घोडेस्वार आणि मध्ये एवढीशी खाडी! पण चिखलात घोडा चालत नाही आणि या ओढीत परक्याला नाव हाकता येत नाही. दरबाराबरोबर आलेल्या माणसांना जेवायला लागणार, म्हणून बांध घालून खाजण जमिनी करायला सुरुवात झाली, आणि ते काम पुढे कित्येक शतकं चाललं. आज जी सपाट भातशेतं दिसतात त्यातली बरीचशी अशी समुद्राकडून घेतलेली आहेत. दक्षिणेचा मानीसान डोंगरसुद्धा पूर्वी वेगळ्या बेटावर होता. याच काळात, 1236 ते 1251, बौद्ध त्रिपिटकाचे ऐंशी हजारांवर छपाईचे लाकडी ठसे कोरले गेले. ते आता दूर हेइन्सा मठात आहेत, इथे शोधू नका. गावातल्या राजवाड्याच्या जागीही गोर्यो काळचं फारसं काही उरलेलं नाही, दहा मिनिटं पुरतात.

मग 1866 मध्ये फ्रेंच आले, राजग्रंथालयातले ग्रंथ घेऊन गेले. त्यातले 297 खंड 2011 मध्ये कोरियात परतले. 1871 मध्ये अमेरिकन आले. चोजीजिनजवळ त्यांचे सैनिक चिखलात रुतले, तरी ग्वांगसोंगबो पडला. सेनापती ओ जे-योन आणि शेकडो कोरियन सैनिक कामी आले, अमेरिकनांचे तिघे. 1875 मध्ये जपानी युद्धनौकेनं चोजीजिनवर तोफा डागल्या आणि पुढच्याच वर्षी इथल्या तहानं कोरियाला आपली बंदरं उघडावी लागली. चोजीजिनच्या तटाशी जुनं पाइनचं झाड आहे, त्याच्या बुंध्यावरची तोफगोळ्याची खूण दाखवतात.

जोनदुंगसा मंदिर वाटेवर आहे. मुख्य मंदिराच्या छपराखाली कोपऱ्यांत छत पेलत उकिडव्या बसलेल्या बाईच्या आकृत्या आहेत. म्हणे सुताराचे पैसे घेऊन एक खानावळवाली पळाली, म्हणून त्यानं तिला जन्माचं ओझं दिलं. त्या बाईची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही, एवढंच मी म्हणते. गुडघे बरे असतील तर मानीसान चढा. उंची पाचशे मीटरच्या आतच आहे, पण पायऱ्या दम काढतात. माथ्यावर कोरियाचा दंतकथेतला आद्य राजा दानगुन याची वेदी आहे, राष्ट्रीय क्रीडास्पर्धेची ज्योत तिथे पेटवतात.

उत्तरेला बुगुन-री इथे मोठी शिळावेदी, म्हणजे इतिहासपूर्व काळातलं दगडी दफनस्थळ, आहे. दोन उभ्या दगडांवर साडेसहा मीटरच्या आसपास लांबीची शिळा, वजन पन्नास टनांच्या घरात. 2000 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. शेजारीच संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असतं.

गावात दोन ठिकाणी मी रेंगाळते. एक म्हणजे 1900 मधलं चर्च. बाहेरून कौलारू कोरियन देऊळ, आत ख्रिस्ती प्रार्थनागृह. दुसरं जोयांग बांगजिक, 1933 ची कापडगिरणी, आता तिथे भलंमोठं कॅफे आहे. वडील प्रताप मिलमध्ये होते, त्यामुळे करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर मला लगेच ओळखू आलं. कॉफी महाग आहे, एक घेऊन दोघांत प्या. सोचांग नावाचं साधं सुती कापड या गावात विणलं जाई, लंगोट-दुपट्यांना वापरायचं. ते इथून जरूर घ्या, वजनाला हलकं आणि धुण्याला चांगलं.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा: इथलं जांभळ्या सलगमचं सुनमू किमची प्रसिद्ध आहे, पण त्यात खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. मी लेकीच्या घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. इथली पिवळीधमक रताळी भाजलेली मिळाली तर एकादशीलाही चालतील.

दुसरा दिवस असेल तर ग्योदोंग बेट. 2014 पासून पूल आहे. सीमेजवळचा भाग असल्यामुळे वाटेत सैनिकांची चौकी लागते, पासपोर्ट बरोबर ठेवा. गांगह्वाच्या उत्तरेला सीमेपलीकडे बघायची जागा आहे, शांती वेधशाळा, तिलाही तेच, तिथल्या दुर्बिणीतून पलीकडची शेतं आणि घरं दिसतात. ग्योदोंगच्या देर्योंग बाजारातली दुकानं कोरियन युद्धात पलीकडच्या योनबेकहून आलेल्या निर्वासितांनी मांडली. घर समोर दिसत होतं, परतता आलं नाही. शनिवार-रविवार टाळा, संध्याकाळी दोन्ही पुलांवर गाड्यांची रांग लागते. मंगळवार ते शुक्रवार उत्तम.